आज आवाज आला का?

कॉम्प्युटरचा आवाज गेला तर बहुतेक घरांत फारसं काही अडत नाही. गाणी-व्हिडिओंसाठी मोबाइल असतोच. मुलं दोन दिवस कुरकुर करतात, मग कुणाला वेळ झाला की डबा दुकानात नेला जातो. आमच्या घरात मात्र आवाज गेला की कॉम्प्युटरच गेला. कारण तो वापरते आमची थोरली लेक, आणि तिला जन्मापासून दिसत नाही. पडदा चालू असला काय नि बंद असला काय, तिला सारखाच. ती वाचते कानांनी.

हे कसं जमतं ते थोडं सविस्तर सांगावं लागेल, कारण आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या पाहुण्यांना अजूनही वाटतं की ती नुसती अंदाजाने बटणं दाबत बसते. कॉम्प्युटरमध्ये स्क्रीन रीडर नावाचा प्रोग्रॅम घालता येतो. पडद्यावर जी अक्षरं येतील, जे बटण समोर असेल, ते तो बोलून दाखवतो. आमची लेक वापरते त्या प्रोग्रॅमचं नाव एनव्हीडीए. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली तो लिहायला घेतला; पुढे जेम्स टेह हा त्याचा मित्र, तोही अंध, जोडीला आला. विकत मिळणारे असे प्रोग्रॅम फार महाग, म्हणून यांनी आपला फुकट ठेवला, आणि तो आजही फुकटच आहे. मराठीही बोलतो. आवाज यंत्राचा आहे, जोडाक्षरांवर कधी अडखळतो, पण बोलतो. माऊसला लेक हात लावत नाही. कीबोर्डवर एफ आणि जे या दोन बटणांवर बारीक उंचवटा असतो. तुमच्याही कीबोर्डवर आहे, बोट फिरवून पाहा. तिथून तिची बोटं सगळीकडे पोचतात. आवाजाचा वेग तिने इतका वाढवून ठेवला आहे की आम्हाला त्यातलं एक वाक्य धड कळत नाही. उलट आम्ही तिला काही वाचून दाखवायला लागलो की ती जांभया देते.

मुक्त विद्यापीठातून बी.ए. करता करता गेल्या वर्षी तिला एक काम मिळालं. पुण्याच्या एक बाई मुलाखती आणि भाषणं ध्वनिमुद्रित करून पाठवतात, ही ती ऐकून मराठीत टाइप करून देते. ध्वनिफितीच्या मिनिटामागे ठरलेला दर. रक्कम मोठी नाही, पण पहिल्या कमाईतून तिने दादीच्या चष्म्याला नवी फ्रेम घेऊन दिली. दादी ती फ्रेम येईल त्याला अजून काढून दाखवते.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, खाडीच्या काठचं. बाजारहाट चिपळूणला. कॉम्प्युटर जुना घेतलेला; तिच्या चाचांनी मुंबईहून पाठवला, ट्रकमध्ये इतर सामानाबरोबर. कोकणातला पहिलाच पाऊस त्याला मानवला नाही. एका रात्री वीज कडाडली आणि मदरबोर्डवरचा मूळचा आवाज कायमचा गेला. बाकी सगळं शाबूत. तेव्हा दुकानदाराने आत एक वेगळं साउंड कार्ड बसवून दिलं. तळहाताएवढी हिरवी पट्टी, तिच्या एका टोकाला पत्र्याची उभी पट्टी, आणि त्या पत्र्यात तीन रंगांची छिद्रं: हिरवं हेडफोनचं, गुलाबी माइकचं, निळं बाहेरून आवाज आत घेण्याचं. पट्टीच्या खालच्या कडेला सोनेरी दात असतात. ते मदरबोर्डवरच्या एका छोट्या खाचेत बसतात. ही खाच जेमतेम अडीच सेंटिमीटरची, आणि तेवढ्यात ३६ टोकं, अठरा या अंगाला नि अठरा त्या अंगाला. पत्र्याची पट्टी मागच्या बाजूला डब्याला एका स्क्रूने कसतात. या स्क्रूची गोष्ट पुढे येणार आहे.

वर्षभर कार्ड बिनतक्रार चाललं. बिघाड सुरू झाला तो थंडीच्या तोंडावर.

फजरनंतर घर शांत असतं, तेव्हा ती कामाला बसते. एनव्हीडीए सुरू झाला की चढत जाणारे काही सूर वाजतात, मग तो बोलू लागतो. त्या दिवशी पंखा फिरत होता, डब्याला हात लावला तर थरथर लागत होती, पण सूर आले नाहीत. थांबून पाहिलं. शेवटी बटण दाबून धरून बंद केला, पुन्हा चालू केला. दोनदा काही नाही, तिसऱ्यांदा आवाज आला. दुसऱ्या दिवशी पहिल्याच फटक्यात आला. तिसऱ्या दिवशी अजिबात नाही.

वस्तू पूर्ण बंद पडलेली परवडते. तिचं काय करायचं ते ठरलेलं असतं: दुरुस्त करा, नाहीतर भंगारात द्या. अधूनमधून चालणारी वस्तू माणसाला कशाचाच निकाल लावू देत नाही. दुकानात नेली की चालते, घरी आणली की चालत नाही, आणि दुकानदार आपल्याकडे अशा नजरेने पाहतो की आपल्यालाच शंका यावी. आमच्या लेकीच्या बाबतीत तर ही शंका फार आत गेली. चौथ्या की पाचव्या दिवशी तिने विचारलं, “अम्मी, माझ्याकडून काही चुकीचं बटण दाबलं गेलं असेल का?” लहानपणापासून घरात काही सांडलं, फुटलं की लोकांची नजर आधी तिच्याकडे जाते हे तिला न दिसताही कळत आलं आहे. आता ती स्वतःच स्वतःकडे तसं पाहायला लागली होती. आम्हाला साउंड कार्डापेक्षा त्याची काळजी जास्त वाटली.

आम्ही मॉनिटर चालू करून पाहिलं, तर सगळं जिथल्या तिथे. कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर फुलीसुद्धा नाही. गाणं लावलं तर आवाजाची हिरवी पट्टी वरखाली नाचत होती. दिसत होतं की कॉम्प्युटर आवाज काढतोय, फक्त तो येत नव्हता.

हे कोडं उलगडायला आठवडा गेला. मॉनिटर ज्या वायरने जोडलेला होता ती एचडीएमआय वायर. या वायरीतून चित्राबरोबर आवाजही जातो. साउंड कार्ड सापडलं नाही की विंडोज आवाज काढायला दुसरी जागा शोधतं, आणि मॉनिटर चालू असेल तर त्यालाच स्पीकर समजून आवाज तिकडे पाठवतं. आमच्या मॉनिटरला स्पीकर नाहीत, मागे हेडफोनचं एक छिद्र तेवढं आहे. लेक एकटी काम करते तेव्हा मॉनिटर बंदच असतो. उगाच वीज कशाला जाळायची? म्हणजे ती एकटी असताना कॉम्प्युटरला आवाजासाठी कुठलीच जागा नसायची, आणि आम्ही मदतीला जाऊन मॉनिटर चालू केला की कॉम्प्युटरला वाटायचं, मिळाली जागा. आम्ही पाहायला गेलो की बिघाडाचं रूपच बदलत होतं.

डिव्हाइस मॅनेजर नावाच्या यादीत कॉम्प्युटरला जोडलेल्या सगळ्या वस्तू दिसतात. ज्या सकाळी आवाज नसे त्या सकाळी यादीत मॉनिटरचा आवाज असे, साउंड कार्डाचं नावच नसे. तुमच्याकडे असं कधी झालं तर आधी ही यादी पाहा. नाव आहे पण त्याच्यावर पिवळा त्रिकोण आहे, तर बहुधा ड्रायव्हरची भानगड असते. नावच नसेल तर कॉम्प्युटरला त्या वस्तूचा पत्ताच लागलेला नाही, आणि मग दुखणं बहुतेक वेळा लोखंड-तांब्यातलं असतं.

एवढं कळेपर्यंत तिघांनी डब्याला हात घातला होता. पहिला दुकानातला पोरगा. विंडोज पुन्हा टाकावं लागेल म्हणाला, आणि टाकलं. तिच्या सगळ्या जुळवलेल्या सोयी गेल्या त्या गेल्याच. तो बोलत होता आमच्याशी. तिने काही विचारलं तरी उत्तर आमच्याकडे पाहून द्यायचा. “काका, यांना मोबाइल बरा नाही का?” असंही म्हणाला. मोबाइलवर तिचं बरंच काही चालतं, तोही बोलतो. पण पाऊण तासाची मुलाखत मागेपुढे करत त्याच्यावर टाइप करून पाहावी म्हणजे कळेल. तर, विंडोज टाकल्यावर आठ दिवस आवाज रोज आला. मग पुन्हा गेला. दुसऱ्याने कार्ड काढून त्याचे सोनेरी दात खोडरबराने घासले. खारी हवा आहे, गंज चढतो, हे त्याचं म्हणणं अगदी खरं. अकरा दिवस आवाज आला, मग गेला. तिसऱ्याने ड्रायव्हर बदलला आणि जाता जाता कार्ड “नीट बसवलं.” सहा दिवस.

नातेवाइकांचे सल्ले वेगळेच. नवं कार्ड घ्या. नवा कॉम्प्युटर घ्या. पोरीच्या लग्नाचं बघा, हे काय घेऊन बसलात. या शेवटच्या सल्ल्याचा साउंड कार्डाशी काय संबंध ते आम्ही विचारलं नाही. उत्तर लांबलं असतं.

शेवटी तिच्या मामूंना बोलावलं. मामूंनी तीस वर्षं जहाजांवर वीजकाम केलं. भर समुद्रात बिघाड झाला तर दुकान नसतं, त्यामुळे त्यांची पद्धत निराळी. त्यांनी आल्याबरोबर डबा उघडला नाही. चहा घेतला, सगळं ऐकलं आणि म्हणाले, “असल्या दुखण्याला आधी वही लागते, मग पेचकस. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार बदलल्या आणि चाललं, तर कशाने चाललं ते अल्लाहलाच ठाऊक.” मग त्यांनी वहीत काय लिहायचं ते आम्हाला नाही, तिला सांगितलं.

वही तिने ब्रेलमध्ये ठेवली, पाटी आणि स्टायलस घेऊन, रोज एक ओळ. रात्री भिंतीवरचं बटण बंद केलं होतं का. पहिल्यांदा चालू केल्यावर आवाज आला का. रिस्टार्ट केल्यावर आला का, किती वेळाने. त्या दिवशी डबा कुणी उघडला का. एकवीस सकाळी झाल्यावर तिने बोट फिरवत आम्हाला वाचून दाखवलं. नऊ सकाळी आवाज नव्हता. त्या नऊही वेळा बिघाड रात्रभर बंद राहिल्यानंतरच्या पहिल्या सुरुवातीला झालेला. काम चालू असताना आवाज मध्येच गेला असं एकदाही नाही. वीस मिनिटं तसाच चालू ठेवून मग रिस्टार्ट केला तर नऊपैकी सात वेळा आवाज आलेला. आणि एक गोष्ट तिच्याच लक्षात आली: डबा ज्याने ज्याने उघडला, त्याच्यानंतर काही दिवस बरे गेले होते. विंडोज टाकणारा असो, खोडरबरवाला असो की ड्रायव्हरवाला, प्रत्येकाने डबा उघडला होता आणि प्रत्येकाचा हात कार्डाला लागला होता. पैसे आम्ही तीन वेगवेगळ्या इलाजांचे दिले होते. खरा इलाज कदाचित तिन्ही वेळा एकच होता, कार्ड हलणं.

तरी मामूंनी उडी मारू दिली नाही. रिस्टार्ट केल्यावर आवाज येतो याला दुसरंही कारण असू शकतं म्हणाले. विंडोज आठपासून पुढे फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली आहे. आपण शट डाउन करतो तेव्हा विंडोज पूर्ण झोपत नाही. आपल्या गाभ्याची आणि ड्रायव्हरांची तेव्हाची अवस्था डिस्कवर लिहून ठेवतं आणि सकाळी तीच उचलतं, म्हणजे लवकर सुरू होता येतं. रिस्टार्ट केलं तर मात्र सगळं पहिल्यापासून. कालच्या अवस्थेत काही घोळ असेल तर तो सकाळी तसाच परत येतो. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ही सोय बंद करता येते. ती बंद केली, दुसरं काही केलं नाही. पाच दिवसांत दोनदा आवाज गेला. म्हणजे ते नाही. वहीत तसं लिहिलं.

पुढची परीक्षा आम्हाला सगळ्यात आवडली. मामूंनी पेन ड्राइव्हवर लिनक्स आणलं. ते डिस्कवर न बसवता थेट पेन ड्राइव्हवरून चालतं. विंडोजला कळतसुद्धा नाही. सकाळी थंड कॉम्प्युटर आधी त्याच्यावर चालू करायचा आणि एलएसपीसीआय एवढी अक्षरं टाइप करून एंटर दाबायचं. खाचांमध्ये काय काय सापडलं त्याची यादी येते. तिचे अब्बा यादी वाचायचे, ती ऐकायची. पाचपैकी दोन सकाळी यादीत साउंड कार्ड नव्हतं. लिनक्सचे ड्रायव्हर वेगळे, सगळंच वेगळं. दोन अनोळखी माणसं म्हणताहेत की खोलीत कुणी नाही, तर खोलीत खरंच कुणी नसणार. विंडोज सुटलं, ड्रायव्हर सुटला.

याचं कारण मामूंनी तिला शाळेच्या हजेरीसारखं समजावलं. कॉम्प्युटर चालू होताच, विंडोज यायच्याही आधी, मदरबोर्ड प्रत्येक खाचेला नाव विचारतो. प्रत्येक कार्डाला बनवणाऱ्याचा एक क्रमांक दिलेला असतो. कार्ड तो सांगतं. खाच रिकामी असेल तर उत्तराच्या जागी नुसते एकच एक येतात, आणि मदरबोर्ड पुढच्या खाचेकडे वळतो. ही हजेरी सहसा सुरुवातीला एकदाच होते. त्या क्षणी कार्डाने “हजर” म्हटलं नाही तर नंतर ते कितीही ठणठणीत असलं तरी दिवसभर गैरहजर. मग पुन्हा हजेरी व्हायची तर रिस्टार्ट. आमचं कार्ड आजारी नव्हतं, हजेरीच्या वेळी त्याचा आवाज पोचत नव्हता.

मदरबोर्डावरचा नाण्याएवढा सेल संपला की त्याच्या आतल्या सेटिंग विसरल्या जातात, पण मग घड्याळही मागे पडतं. आमचं घड्याळ बरोबर होतं. वीज पुरवणारा डबाही दुसरा लावून पाहिला, फरक नाही. मग मामू कार्ड आपल्या घरी घेऊन गेले आणि स्वतःच्या कॉम्प्युटरमध्ये घातलं. पंधरा दिवस, रोज सकाळी थंड सुरुवात, एकदाही चुकलं नाही. नवं कार्ड घ्या म्हणणाऱ्यांचं ऐकलं असतं तर दोन-तीन हजार घालवून नव्या कार्डालाही त्याच दुखण्यात आणून बसवलं असतं.

ते पंधरा दिवस तिने यूएसबीत लावायच्या बारक्या साउंड कार्डावर काढले. अंगठ्याएवढी वस्तू, काही शे रुपयांची, ड्रायव्हर वेगळा लागत नाही, लावली की विंडोज ओळखतं. एनव्हीडीएचं बोलणं त्यातून ठीक ऐकू यायचं. मुलाखती मात्र नाही. आमच्याकडच्या त्या वस्तूतून सतत बारीक भुणभुण यायची, आणि एखादी म्हातारी बाई हळू आवाजात काही सांगत असेल तर नेमके तिचे शब्द त्यात बुडायचे. पुण्याच्या बाईंनी एकदा समजून घेतलं, दुसऱ्यांदाही घेतलं. तिसऱ्यांदा त्यांनी सरळ लिहिलं की काम वेळेवर येणार नसेल तर दुसरं कुणी पाहावं लागेल. त्यांचंही बरोबर होतं. लेकीने तो निरोप आम्हाला दोन दिवसांनी सांगितला.

त्या रविवारी मामू कार्ड घेऊन आले. प्लग काढला, अंगातली वीज उतरावी म्हणून आधी डब्याच्या पत्र्याला हात लावला, कार्ड खाचेत दाबलं, स्क्रू कसला. बॅटरीच्या उजेडात सगळ्यांनी वाकून पाहिलं. मामू म्हणाले, बसलंय. आम्हालाही बसलेलं दिसलं. ती म्हणाली, “मामू, मी हात लावून पाहू?”

आमच्यापैकी कुणालाच हे आधी सुचलं नव्हतं, तिलाही नाही. आतल्या वस्तूंना हात लावायचा नसतो असं प्रत्येक दुकानदाराने तिला सांगितलेलं. मामूंनी तिचा हात आधी पत्र्याला लावला, मग कार्डावर नेला. तिने कार्ड आणि खाच जिथे भेटतात तिथे नख फिरवलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि परत. म्हणाली, “मागच्या पत्र्याकडे ते खाचेला टेकलंय. या टोकाला माझं नख आत जातंय.”

मामूंनी स्क्रू सैल केला. नख जाईना. स्क्रू कसला. नख गेलं. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तसंच. डब्याचा मागचा पत्रा बहुतेक मुंबईहून येतानाच किंचित चेपला होता. कार्डाच्या पट्टीचा वाकवलेला ओठ जिथे टेकायला हवा तिथे नीट टेकत नव्हता. स्क्रू कसला की पट्टी तिकडे ओढली जायची आणि तरफेसारखं कार्डाचं आतलं टोक उचललं जायचं. फार नाही, नखाच्या जाडीएवढं. सोनेरी दात खाचेतल्या टोकांना जेमतेम शिवत राहायचे. मामूंच्या मते उन्हाळ्या-पावसाळ्यात तेवढं शिवणं पुरलं, थंडीत रात्री धातू आकसला की सुटायचं, आणि वीस मिनिटांत डबा आतून गरम झाला की पुन्हा जुळायचं. वहीतल्या नऊ सकाळी त्याच सांगत होत्या. आणि दुकानात कार्ड काढून परत दाबलं की काही दिवस बरं चालणार, हेही ओघानेच आलं.

इलाज पाच मिनिटांचा. पक्कडीने पट्टीचा ओठ थोडा वाकवला, स्क्रूखाली एक पातळ वायसर घातला, आणि स्क्रू हाताला लागेल इतकाच कसला, जोर लावून नाही. बसवण्याआधी दात आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून सुकू दिले. खोडरबर वापरू नका असं मामू बजावून सांगतात: सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, घासला की जातो, आणि रबराचा भुगा खाचेत पडतो तो वेगळाच. शेवटी तिने पुन्हा नख फिरवलं. कुठेच गेलं नाही.

वही तिने बंद केली नाही. आज या इलाजाला चाळीस सकाळी झाल्या, चाळिसांतही आवाज आला, अल्हमदुलिल्लाह. पावसाळा अजून जायचाय, तेव्हा वही चालूच राहील.

ज्या घरात कुणी कानांनी वाचतं त्यांच्यासाठी आणखी दोन-तीन गोष्टी. मॉनिटरला स्पीकर नसतील तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याचा आवाज बंद करून टाका. निदान आवाज चुकीच्या दारी जाऊन पडणार नाही. विंडोजचा स्वतःचाही बोलणारा प्रोग्रॅम आहे, नॅरेटर, पण कार्डच नसेल तर तोही मुका, त्याच्या भरवशावर राहू नका. ब्रेलमध्ये अक्षरं उठवणारी पट्टी मिळते, तिला आवाज लागत नाही, पण तिची किंमत आमच्यासारख्यांच्या आवाक्यातली नाही. ते बारकं यूएसबी कार्ड मात्र घेऊन ठेवा, भुणभुणलं तरी चालेल. आमचं टेबलाच्या वरच्या खणात उजव्या कोपऱ्यात असतं, आणि तिथून ते कुणीही हलवायचं नाही असा तिचा हुकूम आहे. दुरुस्तीला माणूस आला तर त्याला खुर्ची तिच्याजवळ द्या आणि तुम्ही जरा लांब बसा, म्हणजे त्याला तिच्याशीच बोलावं लागतं.

पुण्याच्या बाईंनी परवा एक मुलाखत पाठवली, सत्तेचाळीस मिनिटांची. बोलणाऱ्या आजी फार हळू बोलतात आणि मध्येच खोकतात. लेक एकतिसाव्या मिनिटावर आहे. दादीला दुपारच्या जेवणाला चटणी हवी आहे आणि खोबरं भाजून तयार आहे, पण आतून निरोप आलाय की अजून अर्धा तास मिक्सर लावायचा नाही. तिच्या अम्मीने पाटा धुवायला घेतला आहे.